नवा पंख कोणाच्या गाडीला?

१० जुलै २०१०. सिल्व्हरस्टोनला शनिवारी सकाळचा फॉर्म्युला वनचा सराव चालू होता आणि सेबॅस्टियन व्हेटेलच्या रेड बुलचा पुढचा पंख जोडातून निखळला. नव्या घडणीचे हे पंख संघाने दोनच आणले होते. एक व्हेटेलसाठी, दुसरा त्याचा जोडीदार मार्क वेबरसाठी. तिसरा नव्हता, आणि दुपारी पात्रता फेरी होती. संघाने वेबरच्या गाडीचा नवा पंख उतरवून व्हेटेलच्या गाडीला चढवला आणि वेबरला जुन्यावर भागवायला सांगितले. संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांनी दिलेले कारण हिशेबी होते. गुणतक्त्यात व्हेटेलचे ११५ गुण आणि वेबरचे १०३. जो पुढे, त्याला नवे.

पात्रता फेरीत व्हेटेल पहिला आला, वेबर दुसरा. रविवारी सुरुवातीलाच प्रतिस्पर्धी लुईस हॅमिल्टनचा धक्का लागून व्हेटेलचा टायर फाटला, तो पार शेवटी फेकला गेला आणि जुन्या पंखाच्या वेबरने शर्यत जिंकली. रेषा ओलांडताच रेडिओवरून त्याने संघाला ऐकवले, दोन नंबरच्या चालकाच्या मानाने हे काही वाईट नाही!

हे एकाएकी घडलेले नव्हते. सहा आठवडे आधी तुर्कस्तानात हेच दोघे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना एकमेकांवर आदळले होते. पण धडक हा क्षणाचा खेळ असतो, तिथे दोष कोणाचा यावर वाद घालता येतो. पंखाचे तसे नव्हते. तो विचार करून, पाने-पक्कड घेऊन, सगळ्यांच्या देखत एका गाडीवरून काढून दुसरीला लावला होता. त्या मोसमात विजेता ठरला व्हेटेल, २५६ गुणांवर. वेबर २४२ गुणांसह तिसरा. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ऑक्टोबर २०१३ मध्ये व्हेटेलने चौथे विजेतेपद पक्के करून गाडी गरागरा फिरवली, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. त्याच शर्यतीत वेबर अल्टरनेटर बिघडल्याने बाहेर पडला होता, हे फारसे कोणाला आठवत नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाला त्या ठेवाव्याच लागतात; दोन गाड्या, दोन चालक हा नियमच आहे. तीच गाडी चालवणारा जगात दुसरा एकच माणूस असल्यामुळे प्रत्येक चालकाची खरी मोजदाद जोडीदाराशीच होते. हवा, डांबर, टायर, इंजिन सगळे सारखे. मग फरक पडला तो हाताचा आणि डोक्याचा, असे समजायचे. या समजाला तडा जातो तो मोसमाच्या मध्यावर, नवा भाग कारखान्यातून येतो तेव्हा.

मार्चमध्ये पहिल्या शर्यतीला उतरलेली गाडी डिसेंबरपर्यंत जवळजवळ वेगळीच होऊन जाते. पुढचा पंख, बाजूच्या खोक्यांचा आकार, मागचा पंख, आणि २०२२ ते २०२५ या काळात सर्वांत महत्त्वाचा म्हणजे गाडीचा तळ. या चार वर्षांच्या नियमांत गाडीखालून खास बोगदे काढलेले होते. त्यांतून हवा वेगाने गेली की गाडी रस्त्याकडे ओढली जाते. तळाच्या कडेचा आकार थोडा बदलला तरी संपूर्ण गाडीचा स्वभाव बदलतो. त्यामुळे प्रत्येक संघाचा मोठा डाव तिथेच लागलेला असायचा, आणि क्रेनने उचललेल्या अपघातग्रस्त गाडीच्या पोटाचा फोटो प्रतिस्पर्ध्यांना सोन्याच्या भावाचा वाटायचा.

हवे तितके प्रयोग करायला मात्र कोणी मोकळे नाही. विंड टनेलमध्ये खऱ्या गाडीच्या ६० टक्के आकाराचेच मॉडेल लावता येते, वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर नेता येत नाही, आणि प्रयोगांचा कोटा गुणतक्त्यावर ठरतो. अव्वल संघाला ठरलेल्या प्रमाणाच्या ७० टक्के, दहाव्या संघाला ११५ टक्के. वर्षाच्या मध्यावर हा कोटा नव्याने ठरतो. जिंकल्याबद्दलची शिक्षाच म्हणायची! त्यात २०२१पासून खर्चालाही मर्यादा आली. पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, पुढे मूळ आकडा १३.५ कोटी डॉलरपर्यंत खाली आणला गेला. रेड बुलने पहिल्याच वर्षी ती ओलांडली, तेव्हा ७० लाख डॉलर दंडाबरोबर प्रयोगांच्या कोट्यातही दहा टक्के कपात झाली. दंडापेक्षा कपात जास्त झोंबली असणार.

संगणकावर तपासलेल्या असंख्य आकारांपैकी थोडे मॉडेलवर चढतात आणि त्यांतलेही थोडेच खऱ्या गाडीवर. राळ भिनवलेल्या कार्बन फायबरचे थर कारागीर हाताने साच्यात बसवतात, मग ते ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाब देऊन पक्के करायचे. या कामाला आठवडे लागतात. शर्यत काही थांबत नाही, म्हणून बऱ्याचदा पहिला संच तयार होतो तो एकच. इथेच भाऊबंदकीला तोंड फुटते.

शुक्रवारच्या सरावात हा नवा भाग कसा तपासतात ते पाहण्यासारखे असते. कोट्यवधींची, आरशासारखी चकाकणारी गाडी पिटमधून निघते ती अंगावर हिरवा राडा माखून. हलक्या तेलात कालवलेली ती चमकदार भुकटी असते. एक फेरी मारून आल्यावर वाऱ्याने तिच्या ओघळांची नक्षी उमटवलेली असते. कुठे सरळ रेघा, कुठे भोवरा, कुठे रंग जागच्या जागी साचलेला. मेकॅनिक घाईने फोटो काढतात. काही गाड्यांना पुढच्या चाकांमागे भलीमोठी जाळी बांधतात, तिच्यातल्या बारीक नळ्या हवेचा दाब मोजतात. अशा वेळी चालकाने जोर दाखवायचा नसतो, सरळ रस्त्यावर सांगितलेल्या वेगाने निमूट जायचे. आकडे कारखान्यातल्या आकड्यांशी जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर घोडे कुठे पेंड खाते आहे ते शोधण्यात महिने जातात.

२०२२पासून प्रत्येक संघाला आणलेल्या भागांची यादी शर्यतीच्या आठवड्यात जाहीर करावी लागते. भागापुढे तो का बदलला तेही लिहायचे. ती कारणे सरकारी टिपणीइतकी कोरडी असतात. अमुक ठिकाणचा दाब वाढवण्यासाठी, तमुक ठिकाणी गारवा मिळण्यासाठी. खरे काय ते कोणी लिहीत नाही, आणि लिहावे अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही.

एका अपग्रेडने संघाचे दैव पालटावे, याचे ताजे उदाहरण मॅक्लारेन. २०२३च्या पहिल्या दोन शर्यतींत या संघाला एकही गुण नव्हता. तांत्रिक संचालक जेम्स की यांना मार्चमध्ये निरोप दिला गेला आणि नवे संघप्रमुख अँड्रिया स्टेला यांनी खात्याची फेररचना केली. स्टेला हे मूळचे इंजिनिअर, फेरारीत फर्नांडो अलोन्सोच्या गाडीचे काम पाहिलेले. जुलैत ऑस्ट्रियाला नवा तळ आणि नव्या बाजू आल्या, पण एकाच गाडीपुरत्या. त्या लँडो नॉरिसला मिळाल्या. नवखा ऑस्कर पियास्त्री जुन्या गाडीत. नॉरिस चौथा आला. पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला पियास्त्रीलाही बहुतेक सगळे मिळाले आणि निकाल लागला : नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. वर्षाच्या सुरुवातीला शेवटच्या रांगांत घुटमळणारी गाडी आता पहिल्या दोन रांगांतून सुटत होती.

मे २०२४ मध्ये मायामीला पुढचा मोठा संच आला, तेव्हाही तीच गोष्ट. नॉरिसला पूर्ण, पियास्त्रीला अर्धामुर्धा. आपल्या ११० व्या शर्यतीत नॉरिस पहिल्यांदा जिंकला. सेफ्टी कार नेमकी त्याच्या सोयीने बाहेर आली, हे खरे. पण नंतर रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टॅपनला मागे ठेवून तो सात सेकंदांहून अधिक फरकाने पुढे गेला, ते काही सेफ्टी कारमुळे नव्हे.

इथून नॉरिस आणि व्हर्स्टॅपन यांच्या वैराला रंग चढला. दोघे तोवर दोस्त होते. नॉरिस नेहमी मागे असल्याने दोस्तीला तोशीस पडत नव्हती. ३० जूनला ऑस्ट्रियात व्हर्स्टॅपनचा पिट स्टॉप लांबला, नॉरिस त्याच्या शेपटाला लागला आणि ६४ व्या फेरीत तिसऱ्या वळणावर दोघे घासले. दोघांचेही टायर फाटले. नॉरिस बाद, व्हर्स्टॅपन दहा सेकंदांच्या दंडासह पाचवा, आणि मागून येणारा जॉर्ज रसेल फुकटात विजेता. पुढच्या शर्यतीपर्यंत दोघांनी आपसात मिटवले, पण शरद ऋतूत ऑस्टिन आणि मेक्सिकोला पुन्हा तेच. मेक्सिकोत व्हर्स्टॅपनला एकाच शर्यतीत दोनदा दहा-दहा सेकंदांचा दंड झाला. स्वभाव बदललेले नव्हते. दोन गाड्यांमधले अंतर तेवढे मिटले होते.

याच काळात रेड बुलमध्ये जे चालले होते त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणावे. पहिल्या दहापैकी सात शर्यती व्हर्स्टॅपनने जिंकल्या होत्या, मग सलग दहा शर्यतींत एकही नाही. मधल्या काळात नवे भाग येत होते, कागदावर प्रत्येक भाग पुढचे पाऊल होता. प्रत्यक्षात गाडीचे पुढचे टोक एक म्हणे आणि मागचे दुसरेच. मोंझाला व्हर्स्टॅपनने जाहीरपणे सांगून टाकले की आदल्या वर्षीच्या सर्वांत वरचढ गाडीचा आपण राक्षस करून ठेवला आहे. दिग्गज रचनाकार एड्रियन न्यूई संघ सोडणार हे मे महिन्यातच जाहीर झाले होते. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. रेड बुल एकटा नव्हता. त्याच मोसमात फेरारीने बार्सिलोनाला आणलेल्या नव्या तळाने गाडी वेगवान वळणांत उड्या मारू लागली आणि ते निस्तरण्यात उन्हाळा गेला. मर्सिडीजने तर आपल्या जवळजवळ बाजूच नसलेल्या गाडीचा हट्ट सव्वा वर्ष धरून अखेर २०२३च्या मोनॅकोला सोडला होता.

रेड बुलच्या अपग्रेडचा खरा बळी व्हर्स्टॅपन नव्हताच. तो सर्जिओ पेरेझ. पेरेझने २०२२ची मोनॅको जिंकली, २०२३ मधल्या पहिल्या चारपैकी दोन शर्यती जिंकल्या. प्रत्येक वेळी मोसम पुढे सरकला, नवे भाग आले आणि तो मागे पडत गेला. व्हर्स्टॅपनला गाडीचे नाक तीक्ष्ण लागते, स्टिअरिंग हलवताच आत शिरणारे. मागची चाके सुटली तर तो सावरतो. अशी गाडी दुसऱ्याच्या हातात घसरगुंडी होते. विकास आपल्या विरुद्ध दिशेने गेला, असे पेरेझने अनेकदा बोलून दाखवले. त्यात मुद्दाम डावललेपण असायला हवेच असे नाही. जो चालक वेगवान, त्याची माहिती जास्त मोलाची. तिच्यावर पुढचा भाग बेततात, तो भाग त्यालाच जास्त मानवतो, आणि दरी रुंदावते. २०२३ मध्ये व्हर्स्टॅपनचे ५७५ गुण, पेरेझचे २८५. पुढच्या वर्षी ४३७ आणि १५२, तेव्हा संघ थेट तिसऱ्या स्थानावर घसरला. पेरेझला काढून लियाम लॉसनला आणले, तो दोन शर्यती टिकला. मग युकी त्सुनोदा. त्याला कित्येकदा जुनेच भाग मिळाले, आणि तोही वर्षअखेर खुर्चीवरून उठला. एका चालकाभोवती गाडी विणायची असेल तर दुसरी खुर्ची रिकामीच धरायला हवी, हे रेड बुलने कधी कबूल केले नाही इतकेच.

मॅक्लारेनने उलटी वाट धरली. दोघांना समान संधी, एकमेकांना धडकायचे नाही, संघाचे हित आधी. संघाच्या पपई रंगावरून याला नाव पडले ‘पपाया रूल्स’. कागदावर सोज्वळ, अंमलात डोकेदुखी. २१ जुलै २०२४, हंगेरी. पियास्त्री पहिला, नॉरिस दुसरा. मागून येणाऱ्या हॅमिल्टनला रोखण्यासाठी संघाने नॉरिसला ४५ व्या फेरीत आधी टायर बदलायला बोलावले, पियास्त्रीला दोन फेऱ्यांनंतर. ताज्या टायरवर नॉरिस आपसूक पुढे गेला. आता जागा परत कर, असे त्याचा इंजिनिअर विल जोसेफ सांगू लागला. आधी नेमस्तपणे, मग आर्जवाने, मग दर रविवारी सकाळी होणाऱ्या बैठकांची आठवण देत. वीसेक फेऱ्या हा रेडिओसंवाद जगाने ऐकला. ७० फेऱ्यांच्या शर्यतीत ६८ व्या फेरीला नॉरिसने वेग कमी केला आणि पियास्त्रीला पहिला विजय मिळाला. त्या संवादाइतके नाटक अलीकडच्या काळात क्वचितच एखाद्या ओव्हरटेकमध्ये सापडले असेल.

डिसेंबरात मॅक्लारेनने ६६६ गुणांसह फेरारीला १४ गुणांनी मागे टाकले आणि १९९८नंतर पहिल्यांदा संघांचे विजेतेपद मिळवले.

२०२५ मध्ये त्यांची गाडी इतकी सरस होती की प्रतिस्पर्ध्यांचा संशय बळावला. पंख वेगात वाकतो आणि त्यातच गुपित आहे, अशी कुजबुज होती. स्पेनच्या शर्यतीपासून वाकण्याची चाचणी कडक झाली. ठरावीक वजनाखाली पुढच्या पंखाला १५ऐवजी १० मिलिमीटरच वाकायची मुभा. मॅक्लारेन आता खाली येणार म्हणून सगळे टपून बसले, आणि त्याच शर्यतीत पियास्त्री पहिला, नॉरिस दुसरा. म्हणजे वैर घरातच राहिले.

मग कॅनडात एक बारीकशी गोष्ट घडली. पुढच्या चाकांकडून हाताला काही कळतच नाही, अशी नॉरिसची तक्रार होती. पात्रता फेरीत तो त्यामुळे चुका करत होता. संघाने पुढच्या सस्पेन्शनची बदललेली रचना आणली. त्याने वेग वाढणार नव्हता, जाणीव वाढणार होती. नॉरिसने ती घेतली, पियास्त्रीने नाकारली. त्याला आपल्या सवयीची गाडी बरी वाटली. समान वागणुकीचा हा वेगळा अर्थ झाला, भाग दोघांपुढे ठेवायचा आणि निवड त्यांची. तो भाग पहिल्यांदा लावला त्याच शर्यतीत नॉरिस सरळ रस्त्यावर पियास्त्रीच्या मागच्या चाकावर जाऊन आदळला आणि चूक आपली म्हणून मोकळा झाला. पण पुढच्या दोन शर्यती, ऑस्ट्रिया आणि सिल्व्हरस्टोन, त्यानेच जिंकल्या.

ऑगस्टअखेर झँडफोर्टला नॉरिसच्या गाडीतून धूर निघाला. पियास्त्री जिंकला, नॉरिसपेक्षा ३४ गुणांनी आणि व्हर्स्टॅपनपेक्षा १०४ गुणांनी पुढे. तिथे बहुतेकांनी व्हर्स्टॅपनचे नाव खोडले. २०२६ला नियम मुळापासून बदलणार होते, म्हणून मॅक्लारेनने आपली माणसे आणि प्रयोगांचा कोटा नव्या गाडीकडे वळवला होता. शहाणपणाचा निर्णय, आणि जवळजवळ अंगाशी आलेला. रेड बुलमध्ये जुलैत संघप्रमुख हॉर्नर जाऊन लॉराँ मेकिस आले होते. त्यांनी चालू गाडीवरच काम सुरू ठेवले. आपली मोजमापाची साधने खरे सांगतात की नाही हे कळल्याशिवाय पुढची गाडी तरी कशाच्या भरवशावर बांधायची, असा त्यांचा हिशेब.

७ सप्टेंबरला मोंझाला नवा तळ आला. व्हर्स्टॅपन १९ सेकंदांनी जिंकला. ताशी २५० किलोमीटरहून अधिक सरासरीची ती इतिहासातली सर्वांत वेगवान शर्यत ठरली. सिंगापूरला नवा पुढचा पंख, मेक्सिकोला पुन्हा तळ. मोंझापासूनच्या नऊपैकी सहा शर्यती त्याने जिंकल्या, उरलेल्या तिन्हींत तो पहिल्या तिघांत होता. त्यात ब्राझीलला तर सुरुवात पिट लेनमधून केलेली. तिकडे पियास्त्री बाकूत पहिल्याच फेरीत भिंतीवर गेला, ऑस्टिनच्या स्प्रिंटमध्ये दोन्ही मॅक्लारेन पहिल्या वळणावर गुंतल्या, लास वेगासला तळाखालची फळी मर्यादेपेक्षा जास्त झिजल्याने दोघेही बाद, आणि कतारला सेफ्टी कार असताना जवळजवळ सगळे टायर बदलून आले तरी मॅक्लारेनने दोघांनाही बाहेरच ठेवले.

७ डिसेंबरला अबू धाबीत व्हर्स्टॅपन पहिला, पियास्त्री दुसरा, नॉरिस तिसरा. एकूण गुण नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपन ४२१, पियास्त्री ४१०. सर्वाधिक शर्यती व्हर्स्टॅपनच्या, आठ. मॅक्लारेनच्या दोघांच्या सात-सात. विजेता नॉरिस.

या दोन गुणांशी पपाया रूल्सचा थेट संबंध आहे. मोंझाला नॉरिस दुसरा होता आणि फेरारीच्या लेक्लेरच्या धोक्यापायी संघाने टायर बदलायला आधी पियास्त्रीला बोलावले. नंतर नॉरिसचा पिट स्टॉप रखडला, जवळजवळ सहा सेकंद, आणि पियास्त्री पुढे गेला. संघाने त्याला जागा परत द्यायला सांगितले. संथ पिट स्टॉप हा शर्यतीचाच भाग असे आपले ठरले होते ना, असे त्याने रेडिओवर विचारले आणि तरीही जागा दिली. दुसऱ्या क्रमांकाला १८ गुण, तिसऱ्याला १५. त्या दिवशी या अदलाबदलीची यथेच्छ टिंगल झाली. ती अदलाबदल झाली नसती आणि बाकी सारे तसेच राहिले असते, तर नॉरिसचे झाले असते ४२० आणि पियास्त्रीचे ४१३. व्हर्स्टॅपनचे ४२१ होतेच.